शेवाळाची साक्ष

हेल्मीबाईंचा डावा पाय दरवर्षी ऑक्टोबरात तुटायचा.

खराखुरा नव्हे हो. ऑक्टोबरातल्या एका सकाळी सैन्यातला एक कॅप्टन गाडीभर जवान घेऊन त्यांच्या वृद्धाश्रमात यायचा आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना जखमी सैनिक बनवायचा. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात, कुणी स्ट्रेचरवर आडवा. रक्ताच्या जागी बिटाचा रस. बीट त्या देशात आपल्याकडच्या कांद्यासारखं, ज्याच्या त्याच्या घरात. मग शिट्टी वाजायची, जवान धावत येऊन जखमींना उचलायचे, जेवणघरात नेऊन ओळीने निजवायचे, कॅप्टन फोटो काढायचा आणि शेवटी जखमी, जवान, कॅप्टन सगळे एकत्र बसून बिटाचंच सूप प्यायचे.

“एखाद्या वर्षी उजवा तोडा की रे मेल्यांनो,” हेल्मीबाई पट्टी बांधणाऱ्या जवानावर करवादल्या. “डाव्याने काय घोडं मारलंय तुमचं?”

“आजी, कागदोपत्री तुमचा डावाच गेलाय,” कॅप्टन म्हणाला. “तो आता परत कुठून आणू?”

दारात ओले बूट काढत उभी असलेली हेमांगी हसली, आणि लगेच तिला आपल्या हसण्याचाही कंटाळा आला.

त्या देशाचं नाव सांगत बसत नाही. बाल्टिक समुद्राच्या आसपास लहान देश पुष्कळ आहेत, त्यातला एखादा मनात धरा. काळही फार लांबचा नाही, आज शाळेत जाणारी मुलं तोवर टक्कल पडलेली असतील, इतकाच. लहान देश, आणि सीमेला लागून मोठा शेजारी. असा शेजारी ज्याच्या नशिबी येतो त्याला झोप कशी ती लागत नाही. म्हणून या लहान देशांनी एक युती केली होती आणि युतीचा नियम असा, की प्रत्येकाने आपल्या उत्पन्नातले शेकडा पाच संरक्षणावर खर्चलेच पाहिजेत. हेल्मीबाईंचा वृद्धाश्रमही त्या शेकडा पाचात होता. सरकारदरबारी तो वृद्धाश्रम नव्हताच मुळी, ‘राखीव लष्करी रुग्णालय’ होता. परिचारिकांचे पगार, औषधं, हिवाळ्यातली ऊब, सगळं संरक्षण खात्याकडून. वर्षातून एक दिवस बिटाचं रक्त सांडलं की उरलेलं वर्ष म्हाताऱ्यांना ऊन पाणी मिळायचं. सगळ्या देशाला हे ठाऊक होतं आणि कुणी कधी बोलत नव्हतं.

हेमांगी टिपणीस ही पेणची. वडिलांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, त्यामुळे जन्मापासून चिखलात हात. रसायनशास्त्र शिकायला म्हणून या देशात आली, टोमास नावाच्या शांत माणसाशी लग्न करून राहिली. तीन वर्षांपूर्वी टोमास हृदयविकाराने अचानक गेला, आणि त्या एवढ्या मोठ्या थंड देशात हेमांगीला हेल्मीबाई आणि हेल्मीबाईंना हेमांगी, एवढ्याच दोघी एकमेकींना उरल्या. तिकडे सासूला सरळ नावाने हाक मारतात. हेमांगीची जीभ काही वळेना. ती पहिल्या दिवसापासून ‘सासूबाई’ म्हणायची. आता आख्खा आश्रम हेल्मीबाईंना सासूबाईच म्हणत असे.

“सूनबाई, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?” सूप पिताना हेल्मीबाईंनी विचारलं. सूनबाई हा शब्द त्यांनी हौसेनं शिकून घेतला होता.

“काही नाही. दमलेय.”

“तू कशाला दमतेस? पाय माझा गेलाय.”

हेमांगीने मान खाली घालून सूप संपवलं. आदल्या दिवशी तिच्या यंत्राने जे सांगितलं होतं ते या टेबलावर बोलण्यासारखं नव्हतं.

आता यंत्राविषयी सांगायला हवं. उत्तरेकडच्या त्या मुलखात मैलोन्‌मैल दलदली आहेत आणि दलदलीवर एक जातीचं शेवाळ वाढतं. त्याला मुळं नसतात. ते जमिनीतून काही घेत नाही, पावसाचं पाणी पितं आणि हवेतून येऊन पडेल त्या धुळीवर जगतं. वरून वाढत राहतं, खालून मरत राहतं, आणि तिथलं पाणी इतकं थंड नि आंबट की मेलेलं शेवाळ धड कुजतही नाही. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर थर. चिरोट्याचे पदर असावेत तसे हजारो वर्षांचे थर एकावर एक दाबून बसलेले असतात, आणि ज्या त्या वर्षाच्या हवेत जे काही उडालं असेल ते त्या त्या थरात जसंच्या तसं राहिलेलं असतं.

बंदुकीची गोळी सुटते तेव्हा शिसं, अँटिमनी आणि बेरियम एकाच कणात वितळून बाहेर पडतात. असं त्रिकूट निसर्गात आपसूक जमत नाही. संशयिताच्या हाताला बंदुकीची दारू लागली आहे का, हे पोलीस यावरूनच ओळखतात. तोफेचं, रॉकेटच्या इंधनाचं, जळालेल्या ड्रोनच्या बॅटरीचंही असंच आपापलं त्रिकूट असतं. शिवाय शिशाच्या अणूंचं वजन सगळीकडे सारखं नसतं. चार वजनांचे अणू मिसळलेले असतात आणि दर खाणीत त्यांचं प्रमाण निराळं. म्हणजे गोळी कुणाच्या कारखान्यातली, हेही धुळीच्या कणावरून सांगता येतं.

हेमांगीने बारा वर्षं खपून एक यंत्र बनवलं. दलदलीत नळी घुसवून काढलेली शेवाळाची लांब कांडी त्यात ठेवायची. लेसरचा किरण एकेक पदर जाळत खाली सरकायचा, आणि कोणत्या वर्षी कोणत्या देशाने खरोखर किती दारूगोळा उडवला याचा आलेख पडद्यावर उमटायचा. सरकार आकडे काहीही छापू दे. खरोखर लढाईच्या तयारीला लागलेलं सैन्य सराव करतंच, आणि सरावाचा धूर लपत नाही. यंत्राचं नाव तिने चित्रगुप्त ठेवलं. तिकडच्या लोकांच्या तोंडात ते ‘चित्रा’ झालं.

चित्राने पहिल्या वर्षातच कमाल केली. शंभर वर्षांपूर्वीची महायुद्धं थरांत दिसली. परकी राजवट दिसली. देश स्वतंत्र झाल्यावर तिजोरीत खडखडाट होता ती रिकामी वर्षं दिसली. मग शेजाऱ्याने दुसरीकडे लढाई सुरू केली आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली, ती वर्षंही दिसली. शेकडा एक, शेकडा दोन, शेकडा साडेतीन, सरकारचा खर्च जसा चढत गेला तसा शेवाळातला आलेखही पायरी पायरीने चढत गेला. वरचे ताजे थर अजून सैल होते, ते तेव्हा तिने मोजले नव्हते. मासिकांनी तिला डोक्यावर घेतलं. हेमांगीने आपली सगळी रीत जगाला खुली करून टाकली. ज्याने मागितली त्याला दिली. मागितली एकाच माणसाने, सीमेपलीकडच्या मोठ्या शेजाऱ्याकडच्या डॉक्टर वेलिमीर यांनी. लांबच लांब प्रश्न विचारून, चारचारदा खात्री करून त्यांनी तसंच यंत्र आपल्याकडे उभारलं आणि मग गप्प झाले. त्या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली होती.

आणि मग युतीला जाग आली. शेकडा पाच सगळेच म्हणतात, खर्च कोण करतो? प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय. ठरलं असं, की नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय दलदल परिषद भरेल, तिथे चित्राच्या रीतीवर प्रमाण म्हणून शिक्कामोर्तब व्हायचं, आणि त्यानंतर युतीतल्या प्रत्येक देशाची दलदल तपासायची. हेमांगीचे संचालक आर्विद आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. “नमुना म्हणून पहिली कांडी आपल्याच देशाची दाखव,” ते म्हणाले होते. “आपल्याला कुणाची भीती आहे?”

ती कांडी सीमेवरच्या दलदलीतली. आणि त्या कांडीत अलीकडचे थर कोरे निघाले होते.

आधी तिला वाटलं यंत्र बिघडलं. तिने भिंगं पुसली, पुन्हा मोजलं. सैन्याच्या चांदमारीच्या मैदानाजवळची कांडी आणून घातली. तिथे दारूचा कण सापडायला हवा होता, तर तो बरोब्बर सापडला. यंत्राला काही झालं नव्हतं. गेल्या अकरा वर्षांत सरकारी खर्चाचा आकडा डोंगराएवढा झाला होता आणि शेवाळात धूर उतरणीला लागून जवळजवळ संपला होता. तोफा कुठेच गेल्या नव्हत्या, कारण त्या आल्याच नव्हत्या. वृद्धाश्रम होते. शाळा होत्या. हिवाळ्यात बर्फ काढणारे ट्रक होते.

पण हेमांगीच्या पायाखालची जमीन सरकली ती याने नाही. कांडीत दुसऱ्या खाणीचंही शिसं असायला हवं होतं, शेजाऱ्याचं. वारा सीमा बघून वाहत नाही. सीमेपलीकडे चाललेल्या चांदमारीची धूळ शेवाळात दरवर्षी पडत आली होती.

तीही संपली होती. त्याच अकरा वर्षांत.

बिटाच्या सूपाच्या दुसऱ्या दिवशी ती कामाला गेलीच नाही, दुपारी पुन्हा आश्रमात गेली. हेल्मीबाई काचेच्या सज्जात पायावर घोंगडी घेऊन बसल्या होत्या. बिटाचा डाग अजून घोट्यावर होता.

“सासूबाई, मला एक खरं खरं सांगा. तुम्ही अर्थखात्यात होतात. ही रुग्णालयाची युक्ती कुणाची?”

हेल्मीबाईंनी घोंगडी नीट केली. “कळलं वाटतं तुझ्या चित्राला,” त्या म्हणाल्या. “माझी. म्हणजे माझ्या एकटीची नाही, पण सुरुवात माझी.”

“पण का?”

“का काय विचारतेस? थकलो होतो आम्ही. आकडा शेकडा दोन झाला तेव्हा गावोगावची वाचनालयं गेली. साडेतीन झाला तेव्हा प्रसूतिगृहं. बायका बाळंतपणाला तीन तास गाडीने जायच्या, एक पोर तर रस्त्यातच गेलं. मग रस्त्यांची फाईल आली. मी म्हटलं, या रस्त्यावरून रणगाडा जाऊ शकतो ना? मग हा लष्करी रस्ता. कुणी हरकत घेतली नाही. मग पूल. मग हवामान खातं. मग आकडा पाच झाला आणि वृद्धाश्रम बंद करायची फाईल माझ्या टेबलावर आली. माझी आई तेव्हा इथेच होती, आता माझी आहे त्याच खोलीत. मी लिहिलं, राखीव रुग्णालय. वरच्याने सही केली. त्याचेही वडील होते कुठेतरी.”

“आणि शेजाऱ्याने हल्ला केला असता तर?”

“तर मेलो असतो. तोफा असत्या तरी मेलोच असतो, फक्त जरा उशिराने. तो विचार करकरून डोकं शिणलं, मग सोडून दिला. पण भीती होती हो. रोज होती. आपण जगाला फसवतोय, एक दिवस ते येतील, आणि सगळ्या पोराबाळांचं रक्त माझ्या माथी.” हेल्मीबाई घोट्यावरचा डाग बोटाने पुसायला लागल्या. “टोमासला कधी बोलले नाही. त्याला वाटायचं, आई फार सच्ची.”

हेमांगी उठून त्यांच्या पायाशी बसली. “सासूबाई, ऐका. तिकडेही काही नाही.”

“काय नाही?”

“दारूगोळा. सरावच नाही तिकडे. आपल्या बरोबरीनेच थांबलाय. अकरा वर्षं ते छापतायत शेकडा सात, शेकडा आठ, आणि शेवाळ कोरं आहे. त्यांनीही कशाला तरी रणगाडे म्हटलंय. आपल्यासारखंच.”

हेल्मीबाईंना आधी समजलंच नाही. मग समजलं तशा त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि ठसका थांबला तेव्हा त्या रडत होत्या. “म्हणजे तिकडेही कुणीतरी होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्यासारखं एखादं टेबल. अगं, आम्हाला वाटायचं जगात एवढे लबाड आम्हीच.”

त्या शांत होईपर्यंत हेमांगी त्यांचा हात धरून बसली. मग एकाएकी तिलाच राग आला, असा की कानशिलं तापली. “लबाडी तुम्ही करायची आणि निस्तरायची मी! मी हे परिषदेत दाखवलं तर काय होईल माहीत आहे? आमच्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन्ही मुठी मी एकदम उघडणार. युती म्हणेल, खोटारड्यांनो, आता खऱ्या तोफा घ्या. आपण घेतल्या की ते घेतील. त्यांनी घेतल्या की आपण आणखी. अकरा वर्षं कुणी कुणाला मारलं नाही ते या खोट्यामुळे, आणि हे खोटं उघडं पाडणारं यंत्र बनवलंय कुणी? मी!”

“मग ही एक कांडी लपव.”

“कांडी लपवून काय होतंय? रीत एकदा प्रमाण ठरली की जो तो आपापल्या दलदलीत नळी घालील. या देशाची नाही तर त्या देशाची. चार महिन्यांत सगळं बाहेर.”

हेल्मीबाईंना ते पटलं. त्या घोंगडीची दशी ओढत राहिल्या. “माझ्यासाठी काही करू नकोस हो,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी आज आहे, उद्या नाही. मला उचलून कुठेही टाक.”

“तुमच्यासाठी नाही करत,” हेमांगी फणकाऱ्याने म्हणाली. ते खोटं होतं, दोघींनाही कळलं.

कांडी वाचवणं शक्य नव्हतं, तर रीतच मारायला हवी होती. हेमांगीने हे स्वतःला सांगितलं आणि मग पुढचे दोन आठवडे ती स्वतःशी भांडत राहिली. एकदा एका विद्यार्थ्याने एक आकडा गोल केला म्हणून तिने त्याला प्रयोगशाळेतून घालवलं होतं. वडील म्हणायचे, रंगात लपवलेली भेग विसर्जनाआधीच दिसते. ती आयुष्यभर तसंच वागली होती. बारा वर्षं. टोमास गेला त्या आठवड्यातसुद्धा ती यंत्रापाशी उभी होती, कारण दुसरीकडे कुठे उभं राहावं तिला सुचत नव्हतं. साधी चूक झाली असं म्हणून भागणार नव्हतं. चूक कुणीही दुरुस्त करील. काम इतकं विटाळायला हवं होतं की पुन्हा कुणी त्याला हात लावणार नाही.

परिषद एका तिसऱ्याच देशात, सरोवराकाठच्या शहरात भरली. दलदलींवर काम करणारे सगळे आले होते, युतीतले, बाहेरचे, शेजारच्या मोठ्या देशातलेही. मधल्या रांगेत डॉक्टर वेलिमीर बसले होते. हेमांगीने त्यांना प्रथमच पाहिलं. जाडजूड, कानाला यंत्र लावलेले, झोपाळू दिसणारे गृहस्थ. आर्विद पहिल्या रांगेत नवा टाय लावून बसले होते.

हेमांगी मंचावर गेली. पडद्यावर कांडी आलीच नाही.

“मी आज रीत सादर करणार नाही,” ती म्हणाली. “ही रीत खोटी आहे. दलदलीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं, हिवाळ्यात वर येतं, आणि त्याबरोबर धातू एका थरातून दुसऱ्या थरात सरकतात. त्यामुळे कोणत्या वर्षाचं शिसं कोणतं हे सांगता येत नाही. मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. सरकारी आकड्यांशी जुळतील तेवढ्याच कांड्या मी छापल्या. बाकीच्या फेकल्या.”

सभागृहात एकदम गलका झाला.

“हेमांगी, काय बोलतेयस तू?” आर्विद उभे राहिले होते. “बरं नाही का तुला? मी स्वतः कांड्या बघितल्यात!”

“तुम्ही मी दाखवलेल्या बघितल्या, सर.”

त्यांचा चेहरा पाहून तिला मंचावरून उतरून पळून जावंसं वाटलं. या माणसाने तिला नोकरी दिली होती, टोमासच्या अंत्यविधीला शेगडीपाशी उभं राहून सगळ्यांना कॉफी वाटली होती.

अध्यक्षा पांढऱ्या केसांच्या, करड्या आवाजाच्या बाई होत्या. “डॉक्टर टिपणीस, यानंतर तुम्हाला कुठल्याही विद्यापीठात उभं करणार नाहीत, हे तुम्हाला कळतंय?”

“हो.”

“तरीही एका व्यक्तीच्या बोलण्यावरून आम्ही रीत फेकू शकत नाही. तुमचा कबुलीजबाब खरा, तर रीत खोटी. पण कबुलीच खोटी असेल तर?” बाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. “दुसऱ्या कुणी हे स्वतंत्रपणे पडताळलंय का?”

सगळ्या माना मधल्या रांगेकडे वळल्या. जगात तसं दुसरं यंत्र एकच होतं.

हेमांगीने सगळ्याचा विचार केला होता, याचाच केला नव्हता. त्या माणसाकडे तिचीच रीत होती, अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत तिनेच शिकवलेली. सीमेपलीकडून त्याच वाऱ्यातली, त्याच शेवाळाची कांडी त्यानेही काढली असणार. तो उठून म्हणाला की रीत चोख आहे, तर ती फुकट बदनाम झालेली आणि उद्या दोन्हीकडे तोफांचे कारखाने सुरू. तो शत्रूच्या देशातला. युतीचे लोक बिनतोफांचे बसलेत हे जगाला सांगायची याहून चांगली संधी त्याला कुठली मिळणार होती?

डॉक्टर वेलिमीर सावकाश उठले. चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

“आमच्याकडे हे यंत्र कैक हिवाळे चाललं,” ते म्हणाले. “शंभराच्या वर कांड्या जाळल्या. काहीही निष्पन्न झालं नाही. एका कांडीचा दुसरीशी मेळ नाही. मला वाटलं माझीच अक्कल कमी, म्हणून लाजेने गप्प बसलो. बाईंनी आधी कबूल केलं असतं तर आमची वीज वाचली असती.”

लोक हसले. हसण्यातच रीत मेली. अध्यक्षांनी ठराव मांडला, हात वर झाले, आणि पुढच्या वक्त्याने कालवे बुजवून दलदली कशा वाचवाव्यात यावर भाषण सुरू केलं. आर्विद दुसऱ्या दाराने निघून गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

हेमांगी बाहेरच्या दालनात कॉफीच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिली, कारण तिथे पाठ करून उभं राहता येत होतं. शेजारी कुणीतरी कप ठेवला. डॉक्टर वेलिमीर. त्यांनी बटण दाबलं आणि यंत्र घरघरू लागलं.

“घरी कोण असतं तुमच्या?” ते यंत्राकडेच बघत म्हणाले.

“सासूबाई. आश्रमात असतात.”

“माझी आई आहे. नव्वदीला टेकली. उठवत नाही, दोन बायका लागतात उठवायला.” ते थांबले. “सरकारी कागदांत ती पाणबुडीवर असते.”

हेमांगीला हसू आलं नाही. कप भरत होता.

“शिशाची वजनं वेगळी काढायचं तुमचं जे गणित आहे,” ते आणखी हळू आवाजात म्हणाले, “ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खिडकीशी गेलो होतो. चाळीस वर्षं या धंद्यात आहे. इतकं सुंदर काम मी दुसरं पाहिलं नाही. त्याला आज चारचौघांत कचरा म्हणालो. मला माफ करा.”

तेव्हा तिला रडू फुटलं. मंचावर आलं नव्हतं, आर्विद गेले तेव्हा आलं नव्हतं, ते आता आलं, आणि थांबवता थांबेना. ती बरोबर होती हे ठाऊक असलेला जगात हा एकच माणूस, आणि आजपासून दोघांनी एकमेकांना एक ओळसुद्धा लिहायची नव्हती. त्यांनी खिशातला चष्मा पुसायचा रुमाल काढून तिच्यापुढे धरला. यंत्राची घरघर संपायला आली होती.

“यंदाचा थर बघितलात का?” त्यांनी घाईने विचारलं. “अगदी वरचा. माझ्याकडे यंत्र उघडायला आता परवानगी मिळायची नाही.”

“बघितला,” हेमांगी म्हणाली. “कोरा आहे. तुमचाही आणि आमचाही.”

डॉक्टर वेलिमीर यांनी डोळे मिटून मान हलवली. मग कप उचलला आणि ते आपल्या लोकांत जाऊन बसले.